चालते घर आणि मागे राहिलेले घर

बेळगावहून चोर्ला घाट उतरून गोव्यात येणाऱ्या वाहनांत अलीकडे एक निराळी गाडी मधूनच दृष्टीस पडते. आत बिछाना, लहानसा ओटा, पाण्याची टाकी, टपावर गुंडाळलेला मांडव आणि खिडकीतून मान बाहेर काढून वारा पिणारा एखादा कुत्रा. घरच चाकांवर चढवलेले. ही मंडळी कोल्हापूर, निपाणी, बेळगाव करीत घाट उतरतात आणि पुढे मडगाव, काणकोण, कारवार, गोकर्ण असा सागरकाठचा महामार्ग धरतात. हौस नवी खरी. पण बिऱ्हाड आणि जनावरे घेऊन सह्याद्री ओलांडण्याची रीत या मुलखाला जुनी आहे. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी बेळगावकडचा एक लहानगा मुलगा असाच आईवडील, भावंडे आणि सामानसुमानासह समुद्राकडे उतरला होता. त्याने आयुष्यातला पहिला समुद्र पाहिला तो आपल्या मुरगावला. पुढे तो देशातल्या थोर प्रवासलेखकांत गणला गेला आणि काकासाहेब कालेलकर या नावाने ओळखला गेला.

दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर यांचा जन्म १ डिसेंबर १८८५ रोजी साताऱ्यास झाला. घराण्याचे मूळ गाव सावंतवाडीजवळचे कालेली. आडनाव तेथूनच आले. पण घर म्हणून ज्या गावाची ओढ त्यांना जन्मभर राहिली ते बेळगावच्या पश्चिमेस काही कोसांवर असलेले बेळगुंदी. वडील सरकारी हिशेबाच्या खात्यात होते. बदल्या होत. पुढे दक्षिण महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या लहानमोठ्या संस्थानांच्या हिशेबाची कामेही त्यांच्याकडे आली. त्यामुळे घरातल्या या शेंडेफळाचे, दत्तूचे, बालपण कोणत्याही एका गावात मुरले नाही. सातारा, बेळगाव, शहापूर, कारवार, धारवाड अशी गावे बदलत राहिली. शाळा बदलल्या, शेजार बदलले, भाषाही बदलल्या. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि किनाऱ्यावर कोंकणी.

आगगाडी या भागात तेव्हा नुकतीच आली होती. साताऱ्याकडून बेळगावास रस्त्याने यायचे तर कोल्हापूर मागे टाकून निपाणी गाठायची, पुढे तवंदीचा घाट चढायचा आणि संकेश्वर करीत बेळगावच्या माळावर यायचे. आजचा रुंद महामार्ग बहुतांशी त्याच वाटेने जातो. लोहमार्गापासून आडबाजूला असलेल्या संस्थानांत जायला तर बैलगाडीशिवाय गत्यंतरच नव्हते. त्या काळचा कुटुंबाचा प्रवास कसा असे हे आज मुद्दाम सांगावे लागते. गाडीवर ताट्याची कमान, आत पेंढ्याचा जाड थर, त्यावर सतरंजी. पाठीशी ट्रंका, भांड्यांचे पोते, पाण्याची घागर, शिदोरी. धुऱ्याखाली लटकणारा कंदील. उन्हाळ्यात रात्री चालायचे आणि दुपारी ओढ्याकाठी झाडाखाली गाड्या सोडायच्या. तीन दगडांची चूल मांडली की तेवढ्यापुरते घर उभे राहिले. पण स्वयंपाकाच्या आधी बैलांना पाणी आणि वैरण. त्यांच्या थकव्यावर मुक्काम ठरे, त्यांच्या चालीवर दिवस मोजला जाई. आजच्या गाडीतला कुत्रा हा पाहुणा असतो; त्या गाडीतले बैल यजमान होते असे म्हटले तरी चालेल.

अशा प्रवासात मुलाला दिसते ते आगगाडीतल्या मुलाला दिसत नाही. ताशी कोस-दीड कोसाच्या गतीने झाड येते, जवळ होते, ओळखीचे होते आणि मागे जाते. काकासाहेबांच्या वर्णनांत पुढे जो निवांतपणा आला, डोंगराची कड किंवा नदीचे वळण नातलगाच्या चेहऱ्यासारखे न्याहाळण्याची जी सवय दिसते, तिचे मूळ मला या बैलगाडीत आहे असे वाटते. जमखंडीजवळच्या तेरदाळच्या माळावर लहानपणी पाहिलेल्या मृगजळावर त्यांनी कितीतरी वर्षांनी स्वतंत्र लेख लिहिला. नसलेल्या पाण्यालाही नद्यांच्या पुस्तकात जागा देणारा लेखक विरळाच.

वडिलांची बदली कारवारला झाली आणि सह्याद्रीपलीकडचे जग उघडले. लोंढ्याहून कॅसलरॉक, तेथून ब्रागांझा घाट उतरून मुरगाव बंदरापर्यंतची रेल्वे १८८८ मध्ये जोडली गेली होती. कारवारला जाणाऱ्यांना ती मोठीच सोय झाली: रेल्वेने मुरगाव, तेथून आगबोटीने कारवार. कालेलकर कुटुंब याच मार्गाने गेले. बोगद्यांचा काळोख, दऱ्या, दूधसागराचा पांढरा लोट आणि मग घाट संपल्यावर बदललेली हवा. देशावरच्या मुलाला नारळीच्या बागा नव्या, लाल माती नवी, वाऱ्यातला खारटपणा नवा. आणि मुरगावला एकाएकी समोर आलेला, पलीकडचा काठच नसलेला पाण्याचा विस्तार. पहिल्या समुद्रदर्शनावर त्यांनी पुढे लिहिले. आपल्यापैकी ज्यांचा जन्मच वास्कोत किंवा हार्बरला गेला त्यांनी तो लेख अवश्य वाचावा. रोजच्या पाहण्यातला समुद्र तेथे पाहुण्याच्या डोळ्यांनी दिसतो.

कारवारच्या मुक्कामात हा समुद्र मग घरचाच झाला. सरूंची बने, काळी नदीचे मुख, संध्याकाळी वाळूत पळणे. किनाऱ्यासमोरच्या देवगड बेटावरच्या दीपगृहाचा प्रकाश रात्री लुकलुकत असे. तेथे जायची इच्छा मुलाच्या मनात रुजली, पण पूर्ण झाली नाही. गोकर्णाची यात्रा मात्र घडली. त्या यात्रेच्या परतीच्या वाटेवर तदडी बंदरातून निघालेल्या मंडळींना खवळलेला समुद्र भेटला. रात्र, हेलकावे, भेदरलेली माणसे आणि आईवडिलांना बिलगलेला मुलगा. समुद्र नुसता देखणा नसतो हा धडा त्याला वेळीच मिळाला. त्यांच्या पुढच्या सागरवर्णनांत भाबडेपणा आढळत नाही, त्याचे कारण ही रात्र असावी.

सुट्टीत पुन्हा बेळगुंदी. गावच्या शेतांजवळून मार्कंडी वाहते. पश्चिमेकडच्या डोंगरांत उगवलेली ही लहानशी नदी बेळगावच्या उत्तरेने जाऊन गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. नकाशात शोधावी लागेल एवढीच ती. पण काकासाहेबांनी गंगा, यमुना, गोदावरी यांच्याबरोबरीने तिला मान दिला, किंबहुना थोडा अधिकच. कारण गंगा ही माता आणि मार्कंडी ही सखी, असे नाते त्यांनी लावले. नद्यांना लोकमाता म्हणणाऱ्या या माणसाने नदीचे माहात्म्य पुराणांतून उचलले नव्हते. ते शेताच्या बांधावर बसून, पाण्यात पाय सोडून शिकलेले होते.

इथवर सगळे घर बरोबर आहे. पुढे तसे राहिले नाही.

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान विषय घेऊन ते १९०७ मध्ये पदवीधर झाले. टिळकयुगाचा तो ऐन काळ. क्रांतिकारकांविषयीची ओढ, वेदांताची ओढ आणि राष्ट्रीय शिक्षणाची ओढ अशा तिन्ही दिशांनी मन खेचले जात होते. बेळगावच्या गणेश विद्यालयात त्यांनी शिकवले, मुंबईच्या ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकात काम केले आणि १९१० मध्ये ते बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात गेले. त्या शाळेची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. तेथे शिक्षकांना गुरुजी न म्हणता घरातल्या नात्यांनी हाक मारीत. कुणी मामा, कुणी अण्णा. कालेलकर झाले काका. शाळा थोड्याच काळात सरकारी रोषामुळे बंद पडली, पण नाव चिकटले ते कायमचे. आज देश ज्यांना काकासाहेब म्हणतो त्यांचे काकापण अशा एका बंद पडलेल्या शाळेतले आहे.

शाळा मिटली आणि १९१२ मध्ये काकासाहेब हिमालयात निघून गेले. निघून गेले हाच शब्द योग्य. बरोबर स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर. यमुनोत्री, गंगोत्री, केदार, बदरी असा शेकडो कोसांचा पायी प्रवास. पाठीवर मोजके सामान, मुक्काम चट्ट्यांवर नि धर्मशाळांत, मनात संन्यासाचा विचार. या प्रवासाचे जे पुस्तक पुढे गुजरातीत झाले, ‘हिमालयनो प्रवास’, ते त्या भाषेतल्या प्रवासवाङ्मयाचा मानदंड ठरले. मराठीतही ते आले आणि वाचले गेले. त्याच्या थोरवीबद्दल वाद नाही.

परंतु चरित्र लिहिताना मागे वळून बेळगावकडेही पाहावे लागते. घरी तरुण पत्नी लक्ष्मीबाई आणि लहान मूल होते. आईवडील नव्हते. नवरा परत येणार की नाही याची खात्री त्या घराला कोणी दिली नव्हती. पुरुषाने वैराग्याने घर सोडले तर त्याची यात्रा होते, आणि मागे राहिलेल्या बाईच्या दिवसांची मोजदादही होत नाही. आपल्या संतचरित्रांपासून हे चालत आले आहे. काकासाहेब परत आले, संसाराला लागले. पुढे लक्ष्मीबाई साबरमतीच्या आश्रमात राहिल्या आणि आश्रमवासी त्यांना काकी म्हणत. मात्र हिमालयाच्या त्या भव्य पुस्तकाच्या वाचकाने हे दुसरे, न लिहिले गेलेले पुस्तक लक्षात ठेवावे असे मला वाटते. ज्या मुलाला चालत्या घराने प्रवास शिकवला, त्याने सर्वांत मोठा प्रवास घर मागे टाकून केला. महाभारतातल्या धर्मराजाने त्याच हिमालयात, बरोबर आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात पाऊल टाकायचे नाकारले होते. ती कथा काकासाहेबांना अर्थातच ठाऊक होती.

हिमालयाने संन्यास दिला नाही; माणसांत परत पाठवले. ते रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात काही महिने राहिले. तेथेच १९१५ मध्ये आफ्रिकेतून नुकत्याच परतलेल्या गांधीजींची भेट झाली आणि पुढची वाट ठरली. साबरमती आश्रमाची शाळा, गुजरात विद्यापीठ, ‘नवजीवन’चे संपादन. गुजराती ही काही त्यांची मातृभाषा नव्हे, पण त्यांनी ती अशी आत्मसात केली की गांधीजींनी त्यांना सवाई गुजराती ठरवले. पुढे १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कारही त्यांना मिळाला तो ‘जीवनव्यवस्था’ या गुजराती ग्रंथासाठी. मराठीने काय गमावले याचा हिशेब मराठी वाचकाने मांडायला हरकत नाही. तक्रार मात्र कुणाकडे करणार? ज्या गावी राहायचे त्या गावचे पाणी प्यायचे आणि त्या गावची भाषा बोलायची, ही बदलीच्या घरातल्या मुलाची रीतच होती.

प्रवाशाला सरकारने मग एका जागी बसवले. १९२३ मध्ये त्यांना साबरमतीच्या तुरुंगात कारावास भोगावा लागला. तेथल्या दिवसांवरचे ‘ओतराती दीवालो’, म्हणजे उत्तरेकडच्या भिंती, हे छोटेसे पुस्तक माझ्या मते त्यांचे सर्वांत लोभस पुस्तक होय. त्यात राजकारण जवळजवळ नाही. अधिकाऱ्यांवर राग नाही. आहेत त्या मुंग्यांच्या रांगा, खारी, कावळे, कबुतरे, माकडे, मांजरे आणि निंबाची झाडे. माणसांची संगत तोडली गेली तेव्हा या माणसाने कोठडीभोवती दुसरे कुटुंब जमवले. कोणाला दाणे घातले, कोणाच्या भांडणांत मध्यस्थी केली, कोणाच्या मरणाने हळहळला. प्राण्यांना माणसाळवून पिंजऱ्यात ठेवण्यात त्यांना रस नव्हता; पिंजऱ्यात तर ते स्वतःच होते. येतील तेव्हा येऊ द्यावे, जातील तेव्हा जाऊ द्यावे, तोवर शेजारधर्म पाळावा, अशी ती मैत्री. बैलांना आधी पाणी पाजून मग स्वतः जेवणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला ही दृष्टी निराळी शिकावी लागली नसणार.

१९३० मध्ये येरवड्याला काही काळ गांधीजींच्या सहवासात कारावास घडला. त्यानंतरच्या आंदोलनात नियतीने एक विलक्षण योग घडवून आणला. ते हिंडलग्याच्या तुरुंगात आले. बेळगावकरांना हे सांगायला नको, पण गोव्याच्या वाचकांसाठी सांगतो: हिंडलगा हे बेळगाव शहराला लागूनच, सावंतवाडीच्या रस्त्यावर आहे. बेळगुंदी तेथून पायी जाण्याच्या अंतरावर. त्याच परिसरातून मार्कंडी वाहते. अवघा देश पायाखाली घातलेला माणूस आपल्या गावाच्या वेशीपाशी बंदिस्त होता. तेथल्या चिंतनातून ‘हिंडलग्याचा प्रसाद’ हे पुस्तक आले आणि ते मराठीत आले, याचे मला फारसे आश्चर्य वाटत नाही. त्या हवेत दुसरी भाषा सुचली असती तरच नवल. दिवसा भिंती दिसत, पण रात्रीचे आकाश कोणाला अडवता येत नाही. तुरुंगवासाच्या वर्षांत तारे ओळखण्याचा नाद त्यांना पक्का लागला. प्रवास थांबला असे म्हणण्यापेक्षा त्याने दिशा बदलली असे म्हणावे.

स्वातंत्र्यानंतरची वर्षे दिल्लीची. १९५२ ते १९६४ राज्यसभा, १९५३ मध्ये नेमलेल्या पहिल्या मागासवर्ग आयोगाचे अध्यक्षपद, १९६४ मध्ये पद्मविभूषण. आयोगाचा अहवाल १९५५ मध्ये सादर करताना जोडलेल्या पत्रात त्यांनी जात हा निकष मानण्याविषयी स्वतःच असहमती नोंदवली, आणि त्यावरचा वाद त्यांच्या नावाला चिकटून राहिला. तो विषय येथे वाढवीत नाही. प्रवास चालूच होता. ब्रह्मदेश पूर्वीच पाहून झाला होता. आता पूर्व आफ्रिका, जपान, मॉरिशस. प्रत्येक देशावर पुस्तक. परदेशातही नजर तीच: नदी कुठे उगवते, कुठे मिळते, काठची माणसे काय पिकवतात, काय गातात. पूर्व आफ्रिकेत नाईल सरोवरातून बाहेर पडते ती जागा पाहून त्यांनी तिला गंगोत्री, यमुनोत्री यांच्या चालीवर नीलोत्री हे नाव दिले.

आणि देवगड? बालपणी कारवारच्या वाळूवरून पाहिलेल्या त्या दिव्यापाशी ते अखेर पोहोचले, वार्धक्याच्या उंबरठ्यावर. ‘जीवनलीला’ या ग्रंथात त्या भेटीवर लेख आहे आणि त्याच्या नावातच छप्पन वर्षांच्या भुकेचा उल्लेख आहे. जगभर हिंडलेल्या माणसाने किनाऱ्यापासून काही मैलांवर असलेल्या एका खडकाळ बेटाची ओढ इतका काळ सांभाळून ठेवली होती. आज कारवारच्या किनाऱ्यावर गाडी लावून फोटो काढणारे पुष्कळ. समोरच्या बेटाचे नाव विचारणारे थोडे.

गोव्यातल्या मराठी वाचकाला काकासाहेबांचे एक अंग टोचणारे आहे आणि ते टाळून पुढे जाणे बरे नव्हे. कोंकणी ही स्वतंत्र भाषा आहे अशी त्यांची धारणा होती. १९४९ मध्ये प्रियोळचे रवींद्र केळेकर त्यांच्याकडे वर्ध्याला गेले, काही वर्षे त्यांच्या सहवासात राहिले आणि कोंकणीचे कार्य हेच आयुष्य मानून परतले. पुढे गोव्यात भाषेवरून जे रण माजले त्याची झळ ज्यांनी सोसली त्यांना हा दुवा रुचणार नाही. पण काकासाहेब मराठीचे वैरी नव्हते. त्यांचे मूळ घर सावंतवाडीच्या मुलखातले, कान कारवारच्या किनाऱ्यावर तयार झालेले. बेळगाव, निपाणीच्या पट्ट्यातल्या मराठी माणसाला आपली भाषा दुसऱ्या भाषेच्या छायेत सांभाळणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. त्याच पट्ट्यातून गेलेल्या या मराठी माणसाने तीच कळकळ कोंकणीच्या बाबतीत दाखवली. त्यांचे मत न पटणाऱ्यालाही त्यामागची वाट दिसू शकते. ती बेळगुंदीहून घाट उतरून मुरगावला आणि तेथून कारवारला जाते.

केळेकरांनी पुढे हिमालयाचा प्रवास केला आणि ‘हिमालयांत’ हे पुस्तक कोंकणीत लिहिले. ते १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा काकासाहेब नव्वदी ओलांडून गेले होते आणि दिल्लीत राजघाटाजवळच्या ‘सन्निधी’त राहत होते. २१ ऑगस्ट १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. १९८५ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले. बेळगुंदीजवळून मार्कंडी अजून वाहते. पावसाळ्यात दुथडी, उन्हाळ्यात ठिकठिकाणी डबकी धरून.